कोठीला दोन कुलपं

१२ फेब्रुवारी २०१२

वासिल,

आज उणे एकतीस. सकाळी ट्रॅक्टर सुरू झाला नाही. दुपारी झाला. अंगणातला बर्फ लोटला, डाकपेटीपर्यंत वाट केली. जेवायला अंडी.

मी पत्र लिहितो आहे याचं तुला आश्चर्य वाटेल. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तुझं घर दिसतं आणि मध्ये फक्त अर्धा मैल आहे, हे मला माहीत आहे. पण सप्टेंबरात आमच्या जेवणाच्या टेबलावर तू शपथ घेतलीस, की ज्यालाच गहू विकावा लागतो ते सरकारी गव्हाचं बोर्ड आहे तोवर माझ्याशी एक शब्द बोलणार नाहीस. टेलिफोनही बोलण्यातच धरायचा, असं तू मागाहून स्टेफाला कळवलंस. मी त्या वेळी एवढंच म्हणालो होतो, की बहुतेक शेतकऱ्यांनी बोर्ड राहावं म्हणून मत दिलं आणि ओटावाच्या सरकारला ते मोडायचंच होतं, तर मतं मोजली कशाला. ते वाक्य मी मागे घेत नाही.

एरवी तुझे निरोप मला आणि माझे तुला तुझी बहीण स्टेफा पोचवत होती. तिला जाऊन तीन महिने झाले. निरोप साचले, म्हणून लिहितो.

कामाचं असं. तिच्या क्वार्टरवरचा, म्हणजे तुमच्या वडिलांनी तिला दिलेल्या एकशे साठ एकरांवरचा, गेल्या हंगामाचा गहू बांधावरच्या पत्र्याच्या कोठीत आहे. जमीन तिची आणि पेरणी आपली अर्धी-अर्धी, असं तीस वर्षं चाललं. ती सगळी कोठी मी जानेवारीत बोर्डाला कबूल केली. बोलावणं आलं की, बर्फ वितळून जड गाड्यांना रस्ते बंद व्हायच्या आत, गावातल्या गोदामात पोचवायची. तुझ्या वाट्याचे पैसे बोर्ड तुझ्या नावे पाठवेल. तुला चालेल असं धरतो.

हाल्वर

१८ फेब्रुवारी

दाजी,

तुमचं पत्र आज मिळालं. सहा दिवस! तुम्ही ते पेटीत टाकताना मी दुर्बिणीतून पाहिलं होतं. मग ते गावात गेलं, तिथून दीडशे मैल रेजायनाला गेलं, तिथे कुणा साहेबाने त्यावर शिक्का हाणला, आणि तेवढंच मागे येऊन ते माझ्या दारात पडलं. कुठे जायचं होतं? अर्धा मैल! हेच तुमचं बोर्ड, दाजी. पत्र असो की गहू, आधी सरकारच्या उंबऱ्याला डोकं टेकून यायचं.

आता खुर्चीत बसा. बसलात? ती कोठी मी विकली आहे.

मीही जानेवारीतच. नवा कायदा झाला आहे, एक ऑगस्टनंतर माणूस आपला गहू कुणालाही विकू शकतो. मी धान्य घेणाऱ्या कंपनीशी करार केला. भाव आधीच बांधला, माल ऑक्टोबरात द्यायचा. तोवर कोठीला हात लावायचा नाही. गप्प बसून राहायचं काम आहे, तुम्हाला जन्मजात जमतं.

तुम्ही मला विचारलं का नाही? मी विचारलं नाही कारण मी शपथेत आहे. तुम्हाला काय धाड भरली होती?

आणि पैसे माझ्या नावे पाठवेल म्हणे बोर्ड! बोर्ड म्हणजे सासूने वाढलेलं ताट. जे पडेल ते खायचं, शेजारच्याला तेवढंच, आणि वर म्हणायचं, पोट भरलं हो आई. मला माझ्या हाताने वाढून घ्यायचं आहे. मग जळू दे नाही तर कच्चं राहू दे.

करार मोडून टाका. डेलमारला गोदामात जाऊन सांगा, चूक झाली. पंचेचाळीस वर्षांत तुमची पहिली चूक, तो वर्तमानपत्रात देईल.

तुमचा मेहुणा
वासिल

ता. क. थंडीत अंडी कमी खा. रोज तीच खाताय. धुराड्याचा धूर सकाळी पाच मिनिटंच दिसतो.

२३ फेब्रुवारी

वासिल,

आज उणे चोवीस. वारा. गाड्यांचं तेल बदललं.

तुझ्या आईने वाढलेलं ताट मी अकरा वर्षं जेवलो. कधी कमी पडलं नाही. दुसऱ्यांदा वाढतानाही तिने मला विचारलं नव्हतं, हे खरं आहे.

मी करार मोडणार नाही. दिलेला शब्द आहे. शिवाय हे बोर्डाचं शेवटचं वर्ष आणि तिचं शेवटचं पीक. माझ्या मते ते बोर्डाकडेच जावं.

तू हाताने वाढून घेणार म्हणतोस. ताटात काय पडणार ते ऑक्टोबरात कळेल. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागण्याला आमच्यात शहाणपण म्हणत नाहीत. तुमच्यातही म्हणत नसावेत.

खबरदारी म्हणून मी काल कोठीच्या दाराला कुलूप घातलं आहे.

एक विचारायचं होतं. लिलाववाला मर्व्ह गेल्या आठवड्यात दोनदा तुझ्याकडे आला. मी दुर्बीण वापरत नाही. त्याची गाडी पिवळी आहे.

हाल्वर

२८ फेब्रुवारी

दाजी,

कुलूप! माझ्या कोठीला! मी पत्र वाचलं, बूट चढवले आणि उणे वीसमध्ये चालत जाऊन तुमच्या कुलपावर माझं कुलूप लावून आलो. माझं मोठं आहे. आता तुमची किल्ली तुमच्याकडे, माझी माझ्याकडे. गहू आत. उंदीर तेवढे सुखी. उंदरांना ना बोर्ड ना बाजार.

कोठीजवळ गेलो तर पत्र्यावर माझ्या बाजूला रंगवलेलं अक्षर फिकं पडलेलं दिसलं. ‘बाजार मोकळा करा’मधलं ‘मोकळा’ तर गेलंच आहे. तुमच्या बाजूचं ‘बोर्ड राखा’ मात्र कालच रंगवल्यासारखं. उत्तरेकडे तोंड करून रंगवलंत, तिकडून कोण वाचतं? कोल्हे! आणि मी. स्टेफाने दोन्ही बाजूंना सूर्यफुलं लावली होती, ऑगस्टात दोघांचंही काही दिसायचं नाही. तिचं राजकारण मला कधी कळलं नाही. तिने मत कुणाला दिलं, बोर्डाला की बाजाराला, तुम्हाला सांगितलं होतं का?

गावातली खबर. बर्फाच्या मैदानावरच्या कॅन्टीनमध्ये आता दोन टेबलं आहेत, एक बोर्डवाल्यांचं आणि एक आमचं. कॉफीचे पैसे कुणी द्यायचे यासाठी फासेसुद्धा वेगळे टाकतो. तुम्ही येत नाही, म्हणून तुमच्या टेबलावर चारच उरले. त्यात म्हातारा ओलाफ ठार बहिरा, आम्ही काही म्हटलं की तो जोरात ‘बरोबर!’ म्हणतो. परवा रेडिओवर मंत्र्याचं भाषण लागलं. कॅन्टीनवाल्या बर्निसबाईंनी केक कापता कापता मोजलं, ‘स्वातंत्र्य’ अकरा वेळा आणि ‘शेतकरी’ दोनदा. त्या म्हणाल्या, “स्वातंत्र्य मिळणार कुणाला ते तरी एकदा सांगा.” आमच्या टेबलावर सगळे कॉफी ढवळू लागले. ओलाफ म्हणाला, “बरोबर!”

मर्व्हचं विचारू नका. ते माझं खासगी आहे.

तुमचा मोठ्या कुलपाचा
वासिल

ता. क. तुमच्या फ्रीजरमध्ये स्टेफाने बटाटा भरून वळलेले पिरोही असतील. ऑक्टोबरात तिने मला सांगितलं होतं, एक पिशवी तुझी आहे, नाव घातलंय. मागत नाही. माहितीसाठी लिहिलं.

५ मार्च

वासिल,

आज उणे नऊ. छपरावरून पाणी गळलं. पिरोहीची पिशवी कोठीच्या शिडीला बांधून ठेवली आहे. त्यावर तुझं नाव तिच्या अक्षरात आहे. पिशवी फेकू नकोस, मला परत दे.

मत कुणाला दिलं ते तिने मला सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

बोर्डाचं बोलावणं आलं. वीस मार्चच्या आत माल गोदामात हवा. त्यानंतर रस्ते बंद. म्हणजे तुझी किल्ली मला लागेल.

कोठी एक आणि करार दोन, ही चूक आपल्या हातून कशी झाली याचा मी विचार केला. स्टेफा असती तर झाली नसती. मी जेवताना काही बोललो की ती दुसऱ्या दिवशी तुला ते सांगायची, आणि तू काय म्हणालास ते रात्री मला. आपण दोघे बोलत होतो, असंच मला वाटायचं. तीस वर्षांत आपण थेट किती बोललो ते आठवून पाहिलं. हवामानाबद्दल बोललो आहोत.

शवपेटी उचलताना तू माझ्या समोर होतास. तेव्हाही बोलला नाहीस. त्याचा राग नाही. मलाही काही सुचत नव्हतं.

मर्व्हची गाडी काल तिसऱ्यांदा दिसली. लिलाववाला कुणाकडे उगाच जात नाही. बोर्ड गेलं की सगळं लिलावात काढून केलोनाला जाईन, तिथे सफरचंदं आहेत आणि बर्फ नाही, असं तू दर ख्रिसमसला म्हणायचास. जाणार असलास तर मला ते गोदामात डेलमारकडून कळू नये. तू स्वतः कळव. ती होती तोवर तू माझा मेहुणा होतास. आता काय म्हणतात मला माहीत नाही. तू गेलास तर इथे माझ्याशी भांडणारंही कुणी उरत नाही.

किल्लीचं कळव.

हाल्वर

१० मार्च

दाजी,

तुमचं पत्र तीन वेळा वाचलं. पिरोही एकदाच उकडले. अठरा होते, अठराच्या अठरा खाल्ले, मग पोटावर हात ठेवून दुपारभर पडून राहिलो. पिशवी धुऊन सोबत पाठवतो आहे. पाकीट त्यामुळे जाड झालं, पोस्टातली बाई म्हणाली, “आत काय आहे?” मी म्हटलं, “पिशवी.” ती म्हणाली, “पिशवीत?” मी म्हटलं, “काही नाही.” तिने माझ्याकडे असं पाहिलं की विचारू नका.

किल्ली घेऊन येतो. गुरुवारी, सकाळी दहाला. करार मोडला असं समजू नका. ती बाब ऑक्टोबरात बघू. पण बोर्डाच्या शेवटच्या वर्षी तुम्ही शब्द मोडलात असं ओलाफच्या कानावर जायला नको. म्हणजे जाणार नाहीच म्हणा.

अट एकच. शपथ शपथ आहे. आईच्या नावाने घेतली आहे आणि आई वरून बघते. बोलणार नाही. बियाणंवाल्याने फुकट दिलेली छोटी वही आणि पेन्सिल आणतो. तुम्हीही आणा. शाई गोठते.

केलोनाचं मी काही लिहीत नाही.

वासिल

१६ मार्च

दाजी,

कालचं सगळं जसं घडलं तसं लिहून ठेवतो, कारण तुम्ही ते गावात दोन वाक्यांत सांगाल आणि माती कराल.

दहाला आपण दोघंही हजर. कुलपं उघडली. आधी तुमचं की आधी माझं यावर तुम्ही वहीत लिहिलंत, ‘वरचं आधी.’ बरोबर होतं. तुमचा तो चव्वेचाळीस वर्षांचा ट्रक कोठीशेजारी लावलात. गहू चढवायचं यंत्र सुरू झालं. ते इतकं ओरडतं की शपथ नसती तरी काही ऐकू आलं नसतं. तुम्ही शिडीवर, आत डोकावत. मी खाली, हात खिशात. ट्रक भरत आला. ऊन पडलं होतं. मला, खोटं नाही सांगत, बरं वाटत होतं.

आणि तुमचा ट्रक निघाला.

कुणी आत नाही, काही नाही. आपला आपण, एखाद्या म्हाताऱ्या गाईसारखा, उताराने मागे मागे सरत तळ्याकडे निघाला. मी तोंड उघडलं. आणि आई आठवली! तोंड मिटलं. हातमोजा काढला, वही काढली, पेन्सिल काढली, आणि लिहिलं: ‘दाजी, तुमचा ट्रक चालला आहे.’ तारीख घातली नाही, एवढी घाई. शिडीवर चढून तुमच्या बुटाला टोचलं आणि कागद दिला.

तुम्ही कागद घेतलात. लांब धरलात. जवळ धरलात. मग कोटाची वरची तीन बटणं सोडून चष्मा काढलात, पुसलात आणि डोळ्यांवर चढवलात. वाचलंत. कागदाची घडी घालून खिशात ठेवलीत! आणि मग वळून पाहिलंत.

तोवर तो तळ्याच्या काठाशी पोचला होता. मागची चाकं बर्फात घुसली, मागचं फळकूट उघडलं आणि तीनशे बुशेल, म्हणजे अख्ख्या ट्रकचा, गहू गोठलेल्या तळ्यावर सूर्यफुलासारख्या पिवळ्या रंगात पसरला. इकडे यंत्राला कसलीच शपथ नाही. ते ट्रक होता त्या जागी धो धो गहू ओततच होतं.

आणि तेव्हा तुम्ही म्हणालात, “अरे.”

दाजी, तुम्ही आधी बोललात. हे मी लिहून ठेवतो आहे. नंतर मी हसलो, पण हसणं म्हणजे बोलणं नव्हे. चाकांनी काठचा बर्फ फुटला होता, तिथे मांडीपर्यंत पाण्यात शिरून मी ट्रकला साखळी बांधली, तेव्हा जे काही शब्द माझ्या तोंडून निघाले ते पाण्याला उद्देशून होते.

शपथ माझ्याकडून शाबूत आहे.

वासिल

२४ मार्च

वासिल,

आज शून्य. चिखल. रस्ते सोमवारपासून बंद.

काही दुरुस्त्या. ट्रक चव्वेचाळीस नव्हे, अडतीस वर्षांचा आहे. फळकूट आपोआप उघडलं नाही, मोडलं. शपथ तुझी होती, माझी नव्हती. मी नुसता गप्प होतो. त्याआधीही गप्पच असायचो. त्यामुळे मी आधी बोललो याला अर्थ नाही.

ट्रकचा हातब्रेक एकोणीसशे ब्याऐंशीपासून चालत नाही. चाकाखाली लाकडाचा ठोकळा लावावा लागतो. तो स्टेफा लावायची. मी ट्रक थांबवला की ती तिकडून येऊन लावायची, मला उतरून बघावंही लागत नसे. गुरुवारी मी थांबवला आणि उतरलो. ठोकळा मला आठवलाच नाही. तुला सांगायचं राहिलं होतं.

नंतरच्या आठही खेपांना ठोकळा तू लावलास. मी पाहिलं.

माल वेळेत पोचला, तळ्यातला सोडून. तो बोर्डाला कमी पडला, पण चालण्याइतका. डेलमारने पावती दिली. मग मी त्याला तुझ्या कराराबद्दल विचारलं. एकाच कोठीचे दोन करार जानेवारीपासून त्याच्या एकाच खणात आहेत, बोर्डाचा माल तोच घेतो आणि कंपनीचाही तोच.

“मग सांगितलं का नाहीस?” मी म्हणालो.

“तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही,” तो म्हणाला, “मी मध्ये कशाला बोलू? आणि हाल्वर, वासिलचा करार अजून पुरा झालेला नाही. एक सही बाकी आहे.”

“कुणाची?”

“त्याला विचार,” म्हणाला आणि दुसऱ्या गाडीकडे गेला. शेजारी उभे होते ते सगळे हसत होते.

तू मला लिहिलंस की कोठी विकली. ती विकली गेलेली नव्हती. मला तो कागद पाहायचा आहे.

हाल्वर

१९ एप्रिल

दाजी,

उत्तराला उशीर झाला. मला लाज वाटत होती, ती जायला तीन आठवडे लागले. पूर्ण गेलेली नाही.

आधी तळ्याची खबर. रानहंस आले! दोनशे तरी असतील, दक्षिणेकडून येऊन थेट आपल्या गव्हावर उतरले, जसं कुणी आमंत्रण दिलं होतं. मी बंदूक काढून हवेत बार काढणार, तेवढ्यात मर्व्ह म्हणाला, “थांब. परदेशी जाऊन येणारे पक्षी केंद्र सरकारच्या ताब्यात असतात. ओटावाच्या परवानगीशिवाय त्यांना दटावायचंही नाही.” म्हणजे बघा दाजी. अर्धं आयुष्य आपण भांडलो, गहू बोर्डाला द्यायचा की बाजारात. शेवटी सरकारने दोनशे हंस पाठवले आणि जागेवर येऊन खाऊन टाकला. पावतीसुद्धा नाही. पावती नाही असं कसं म्हणू, सगळ्या काठावर पावत्याच पावत्या आहेत, बूट धुऊन धुऊन कंटाळलो.

हे मी कॅन्टीनमध्ये सांगितलं तर दोन्ही टेबलं हसली. ओलाफला पाटीवर लिहून दाखवलं. तो इतका हसला की बर्निसबाईंनी त्याची कवळी कॉफीतून काढली.

आता मर्व्ह. बर्फावर दगड सरकवायच्या आमच्या कर्लिंगच्या संघात चौथा गडी तुम्ही होतात. सप्टेंबरात मी तावातावाने तुम्हाला काढलं आणि मर्व्हला घेतलं. तो दर आठवड्याला माझ्याकडे यायचा तो खेळाची आखणी करायला. लिलावात बोलून बोलून त्याला गप्प राहता येत नाही, दगड सरकवतानाही भाव पुकारतो. सगळे सामने हरलो. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही काहीच म्हणाला नसतात, आणि ते मला झेपलं नसतं. म्हणून खासगी.

आणि करार. सोबत जोडला आहे. तुम्ही कृषी कॉलेजात शिकलेले, तुम्हाला बारीक अक्षर वाचता येतं. खालून चौथी ओळ वाचा आणि तिच्या खालची. मी ते जानेवारीत लिहिलं, शपथेत असताना. लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे. मग तुम्हाला द्यायचं होतं, पण द्यायला यायचं म्हणजे दार वाजवायचं, आणि दार वाजवलं की तुम्ही म्हणणार ‘ये’, आणि मग मी काय नुसता उभा राहणार? म्हणून डेलमारच्या खणात ठेवला. विकली असं ठोकून दिलं, ते तुमच्या पहिल्या पत्राचा राग आला म्हणून.

नको असेल तर फाडा. मी काही म्हणणार नाही. म्हणताही येणार नाही, एक ऑगस्टपर्यंत.

वासिल

६ मे

वासिल,

आज अकरा अंश. ऊन. माती हातात घेऊन पाहिली, आठ दिवसांत पेरता येईल. ट्रकला नवा हातब्रेक बसवून घेतला.

तुझा कागद दोन आठवडे टेबलावर होता. रोज जेवताना वाचला. करार तीन वर्षांचा आहे. गहू स्टेफाच्या क्वार्टरवरचाच द्यायचा, दर ऑक्टोबरात, दोन हजार चौदापर्यंत. पेरणारे म्हणून दोन नावं आहेत. पहिलं माझं आहे. तुझ्या अक्षरात, आणि माझ्या आडनावाचं, नूट्सनचं, स्पेलिंग चुकलं आहे. तुझी सही झालेली आहे. माझी जागा रिकामी आहे.

म्हणजे तू तीन वर्षं केलोनाला जात नाहीस. हे तू जानेवारीतच लिहिलं होतंस, फक्त मला दिलं नव्हतंस. आणि मी त्या कराराविरुद्ध पत्रं लिहीत बसलो.

डेलमारला विचारलं. तो म्हणाला, यंदाचा माल नव्या पिकातून दिला तरी चालतो. तेव्हा पेरावं लागेल.

माझं मत बदललेलं नाही. बोर्ड मोडणं चूक आहे. भाव आज बांधून घेणंही चूक आहे, आणि तीन वर्षांसाठी स्वतःला बांधून घेणाऱ्याने स्वातंत्र्यावर बोलू नये. हे मला तुला पेरणी संपेपर्यंत रोज सांगायचं आहे. तू उत्तर देऊ नकोस, एक ऑगस्टला दे. तोवर मी एकटा बोलेन. सवय नाही, पण करून बघतो.

स्टेफाने मत कुणाला दिलं असेल याचा मी अजून विचार करतो. तुझं काय मत आहे ते लिहून कळव.

सोमवारी सकाळी सात वाजता ये. जेवणाचा डबा आणू नकोस. अंडी नसतील.

कागदावर सही केली. पहिलं पेन चाललं नाही, दुसरं शोधावं लागलं. स्पेलिंग दुरुस्त केलं आहे. बाहेर वारा चांगला आहे. कपडे धुऊन टोपलीत ठेवले आहेत, ते आता दोरीवर घालतो.

हाल्वर